औषधांचा डबा उपसताना: काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कुठे

जुनी औषधं काढायची म्हटलं की बहुतेक घरांत एकच पद्धत असते. तारीख बघायची, उलटली असेल तर स्ट्रिप केराच्या डब्यात टाकायची, सिरप बेसिनमध्ये ओतायचं आणि बाटली विसळून भंगारात द्यायची. काम पाच मिनिटांत संपतं, पण जवळजवळ प्रत्येक पायरी चुकलेली असते. तारीख बघण्यातही गफलत होते, ती वेगळीच.

प्रत्येक वस्तू हातात घेऊन एक प्रश्न विचारला की पुढचं बरंच सोपं होतं: इथून बाहेर पडल्यावर ही कोणाच्या हाती लागेल? रांगणारं मूल, केर उकरणारं कुत्रं, उघड्या हातांनी कचरा वेगळा करणारा माणूस, रिकामी बाटली पुन्हा भरून विकणारा भामटा आणि शेवटी पाण्यातला मासा. खोकल्याच्या सिरपचं उत्तर वेगळं, इन्सुलिनच्या सुईचं वेगळं आणि त्वचेवर चिकटवायच्या वेदनाशामक पॅचचं अगदीच वेगळं. म्हणून सगळ्या औषधांना एक नियम लावता येत नाही.

आधी सगळं एका टेबलावर

घरातली औषधं कधीच एका डब्यात नसतात. फ्रिजचं दार, उशालगतचा खण, बाथरूमचं कपाट, प्रवासाची बॅग, ऑफिसची पर्स, गाडीतली प्रथमोपचार पेटी असं सगळीकडून गोळा करा. टेबलावर जुना कागद अंथरा, लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काम दिवसाउजेडी करा. स्ट्रिपवरची तारीख बऱ्याचदा शाईने छापलेली नसते, ॲल्युमिनियमवर नुसती दाबून उठवलेली असते. ती ट्यूबलाइटखाली दिसत नाही. स्ट्रिप तिरकी धरून खिडकीकडे वळवली की आकडे उमटतात.

कापलेल्या स्ट्रिपचा त्रास इथेच सुरू होतो. तारीख आणि बॅच नंबर बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असतात आणि गोळ्या नेमक्या त्याच टोकाकडून कापलेल्या असतात. उरलेल्या चार गोळ्यांना मग ना नाव ना तारीख. अशा गोळ्या ठेवायच्या नाहीत. रंगावरून किंवा आकारावरून ओळखायचा मोह होतो, पण लहान, गोल, पांढऱ्या गोळ्या शेकड्याने आहेत. त्यांत रक्तदाबाचीही असते आणि झोपेचीही. यापुढे स्ट्रिप कापताना तारखेच्या उलट टोकाकडून कापायची सवय लावली तर हा गोंधळ निम्मा कमी होतो.

तारीख काय सांगते आणि काय सांगत नाही

फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. त्या दिवसापर्यंत, सांगितलेल्या तापमानात आणि न उघडलेल्या पॅकिंगमध्ये, औषधाची ताकद आणि शुद्धता ठरलेल्या मर्यादेत राहील अशी कंपनीची हमी असते. दुसऱ्या दिवशी गोळीचं विष होतं असं मुळीच नाही. अमेरिकेच्या लष्करी साठ्यातली औषधं तपासून मुदत वाढवण्याची एक योजना १९८६ पासून चालू आहे. तिचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: १२२ उत्पादनांच्या ३,००० हून जास्त लॉटपैकी (लॉट म्हणजे एका वेळी बनलेली खेप) ८८ टक्के लॉटना किमान एक वर्षाची वाढ मिळाली आणि सरासरी वाढ ६६ महिन्यांची निघाली.

हे वाचून जुना डबा परत आत सरकवू नका. ते साठे मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये, तापमान सांभाळलेल्या गोदामात होते आणि प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत तपासला होता. आपली स्ट्रिप उन्हात तापलेल्या गाडीत सहा महिने पडलेली असते. शिवाय त्या अभ्यासात एकाच औषधाचे लॉटही वेगवेगळे वागले, आणि तुमच्या हातातला लॉट कोणत्या गटातला हे घरबसल्या कळायला मार्ग नाही. जुन्या टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६३ मध्ये आल्या, त्यावरून ‘मुदत संपलेलं औषध म्हणजे विष’ हा समज रुजला. तो प्रकार तेव्हाच्या गोळीच्या घडणीशी जोडलेला होता. बाकी बहुतेक औषधांत खरा धोका उलट बाजूचा असतो. औषध कमजोर पडतं आणि आजार मोकळा वाढतो.

उघडल्यानंतरची मुदत हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा, आणि दुर्लक्ष होतं ते त्याकडेच. डोळ्यांत घालायच्या बहुतेक ड्रॉप्सची छापील तारीख दोन वर्षं पुढची असली, तरी बाटली उघडल्यावर त्या साधारण २८ दिवसच वापरायच्या. थेंब टाकताना टोक पापणीला लागतं, जंतू आत जातात आणि बाटलीतलं परिरक्षक एका मर्यादेपर्यंतच त्यांना रोखू शकतं. पाणी घालून तयार करायचं प्रतिजैविकाचं सिरप औषधानुसार ७ ते १४ दिवस टिकतं. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवूनही सातच दिवस चालतं, कारण पाण्यात क्लॅव्ह्युलॅनेट भराभर मोडतं. वापरायला घेतलेलं इन्सुलिन साधारण २८ दिवस. काही प्रकारांना जास्त मुदत असते, ती पत्रकावर लिहिलेली असते. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायच्या असतात, कारण हे औषध चक्क उडून जातं. प्लॅस्टिकच्या डबीत किंवा कापसात ठेवली तर गोळी जागेवर दिसते, औषध मात्र निघून गेलेलं असतं.

डोळे आणि नाकही वापरा. ॲस्पिरिनच्या डबीला व्हिनेगरसारखा वास आला तर तो खरोखर व्हिनेगरच असतो. ओल लागली की ॲस्पिरिन मोडून सॅलिसिलिक आणि ॲसिटिक ॲसिड तयार होतं. एकमेकांना चिकटलेल्या कॅप्सूल, ठिपके पडलेल्या किंवा हाताला चिकट लागणाऱ्या गोळ्या, तेल सुटलेलं मलम, हलवूनही तळाशी घट्ट बसलेला सिरपचा गाळ, हे सगळं तारीख काहीही असो, बाद. पाण्यासारखं नितळ असायला हवं ते इन्सुलिन गढूळ झालं असेल तर तेही गेलं. दुधट दिसणाऱ्या प्रकारात हलवल्यावर गुठळ्या राहिल्या किंवा बाटलीच्या आतून बर्फासारखा थर चिकटला, तर तेही वापरायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी भरवशाचं राहत नाही.

टाकण्याआधी जरा थांबा

सगळी औषधं एकत्र आली की दुहेरी साठा उघडा पडतो. ब्रँडची नावं बाजूला ठेवून आतल्या घटकाचं नाव वाचा. तापाची गोळी, अंगदुखीची गोळी आणि सर्दीची मिश्र गोळी अशा तीन रंगीत स्ट्रिप असतात आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. निरोगी प्रौढाची दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम आहे. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे २.६ ग्रॅम झाले. त्यावर ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा घेतली, की एकही गोळी ‘जादा’ न घेता माणूस ४.१ ग्रॅमवर पोहोचतो. यकृताची इजा पहिल्या दिवशी जाणवतही नाही. म्हणून एकाच घटकाच्या तीन स्ट्रिप असतील तर एकच ठेवा.

उरलेली प्रतिजैविकं ‘पुढच्या वेळेला’ म्हणून राखून ठेवू नका. चार गोळ्यांनी कुठलाच कोर्स पूर्ण होत नाही, आणि पुढचा घसा विषाणूमुळे धरला असेल तर त्या गोळीचा काडीचा उपयोग नसतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आलेली गोळीही याच ढिगात.

एक ढीग मात्र घाईने टाकायचा नाही. अडीनडीला जीव वाचवणारी औषधं, म्हणजे छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, दम्याचा इनहेलर, तीव्र ॲलर्जीसाठीचं ॲड्रिनालिनचं पेन, यांची मुदत संपली असेल तर आधी नवं घरात आणा आणि मगच जुनं काढा. रविवारी आवरासावर केली आणि नवं आणायला बुधवार उजाडला, असं इथे चालत नाही.

पहिला पर्याय: परत देणं

औषध नष्ट करण्याची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे उच्च तापमानाची भट्टी, आणि तिथपर्यंत पोहोचायचा रस्ता बहुधा औषधाच्या दुकानातून किंवा रुग्णालयातून जातो. युरोपीय संघाने २००४ मध्ये सदस्य देशांना न वापरलेली औषधं गोळा करण्याची व्यवस्था ठेवणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियात सरकारी खर्चाने औषध दुकानांतून ती परत घेतली जातात. अमेरिकेत २०१० पासून परतीचे खास दिवस ठरवले जातात. जिथे अशी व्यवस्था नाही तिथेही फार्मासिस्टला विचारून बघावं, पण नेमकं विचारावं: गोळ्या आणि सिरप घेता का, सुया घेता का, इनहेलर घेता का आणि मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधं घेता का? चारही प्रश्नांना ‘हो’ क्वचित मिळतं. सुया आणि पाऱ्याचे थर्मामीटर बहुतेक ठिकाणी वेगळे द्यावे लागतात.

परत द्यायच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढू नका. नाव दिसत राहिलं तर घेणाऱ्याला वर्गवारी करता येते. वरचं खोकं आणि आतलं पत्रक तेवढं रद्दीत टाका, ढीग निम्म्याने कमी होतो. द्रव औषधांची झाकणं घट्ट लावून बाटल्या उभ्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर किंवा लेबलवर रुग्णाचं नाव असेल तर जाड मार्करने काळं करा. कोणत्या घरात कोण कशासाठी औषध घेतो, हे जगाला कळायचं कारण नाही.

दुसरा पर्याय: केर, पण रीतसर

परत देण्याची सोय नसेल तर साध्या गोळ्या, कॅप्सूल, मलमं आणि सिरप घरच्या केरात टाकता येतात. इथे वरचा नियम उलटा होतो, म्हणजे गोळ्या स्ट्रिपमधून बाहेर काढायच्या. कारण भरलेली, अखंड स्ट्रिप कचऱ्यात गेली तर ती अजूनही ‘माल’ असते. ती कोणी उचलून पुन्हा विकू शकतं, किंवा तारखेचा भाग कापून दुसऱ्याला देऊ शकतं.

झिप लागणारी जाड पिशवी किंवा घट्ट झाकणाचा टाकाऊ डबा घ्या. त्यात गोळ्या आणि कॅप्सूल टाका. त्यावर कोणालाही खावंसं वाटणार नाही असं काहीतरी घाला: ओली माती, लाकडाचा भुसा, चहा-कॉफीचा चोथा किंवा मांजराच्या शौचपेटीतली वापरलेली रेती. प्रमाण मोजून मापून नको, पण औषधाच्या दुप्पट-तिप्पट असावं. पिशवी बाहेरून चोळून गोळ्या त्यात पुऱ्या लपल्या की हवा काढून झिप लावा, वर दुसरी अपारदर्शक पिशवी बांधा आणि केर उचलला जाण्याच्या दिवशीच बाहेर ठेवा. आदल्या रात्री बाहेर ठेवलेली पिशवी कुत्री फाडतात.

गोळ्या कुटू नका आणि कॅप्सूल फोडू नका. ‘पूड केली म्हणजे लवकर नष्ट होईल’ असं वाटतं, पण ती पूड आधी तुमच्याच नाकात जाते. संप्रेरकांच्या, कर्करोगाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही औषधांची पूड गरोदर बाईने श्वासात घेणं तर फारच वाईट. दीर्घकाळ हळूहळू सुटणाऱ्या गोळीचं कवचही कुटल्यावर तुटतं आणि पूर्ण दिवसाचं औषध एका चिमटीत उघडं पडतं.

सिरपची बाटली मोरीत रिकामी करू नका. भुसा किंवा कोरडी माती सरळ बाटलीत भरा, द्रव शोषला जाईपर्यंत थांबा, झाकण लावा आणि बाटली कागदात गुंडाळून टाका. तोंड अरुंद असेल तर जाड पिशवीत भुसा घेऊन त्यावर सिरप ओता. बाटली विसळू नका, कारण विसळलेलं पाणी शेवटी त्याच पाइपात जातं. मलमाची ट्यूब पिळत बसायची गरज नाही, टोपण लावून तशीच मिश्रणात खुपसा. हात निर्जंतुक करायचं द्रावण आणि स्पिरिट पेट घेतात, ते विस्तवापासून आणि बाकीच्या ढिगापासून लांब ठेवा.

रिकाम्या स्ट्रिपवरून कात्री फिरवा. बाटलीचं लेबल फाडा किंवा खरवडा आणि खोकं फाडूनच रद्दीत द्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये औषधांच्या विल्हेवाटीबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यातही कचऱ्यातून उचललेली औषधं पुन्हा बाजारात येण्याची भीती स्पष्ट मांडली आहे. अखंड खोकं आणि साबूत लेबल असलेली बाटली ही बनावट औषध करणाऱ्याला आयती मिळालेली वस्तू असते.

फ्लश करायचं की नाही

उत्तर ‘नाही’ आहे, पण त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

काही औषधं अशी आहेत की चुकून घेतलेला एकच डोस जीव घेऊ शकतो. फेंटानिल, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन ही तीव्र वेदनाशामकं त्यांतली ठळक नावं. ती केरात टाकली की दोन-तीन दिवस घरात आणि मग रस्त्यावर पडून राहतात. तेवढ्या काळात मूल किंवा व्यसनी माणूस पोहोचला तर काय होईल, हा धोका पाण्यात जाणाऱ्या थोड्या औषधापेक्षा मोठा ठरवला गेला आहे. म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फ्लश करायच्या औषधांची छोटी यादी केली. भारताच्या सीडीएससीओ या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही अशी १७ औषधांची यादी आहे. परत देण्याची सोय लगेच मिळत असेल तर ती आधी वापरायची, नसेल तर यादीतली औषधं संडासात टाकून फ्लश करायची. यादीबाहेरचं काहीही नाही.

यांत पॅचबद्दल विशेष काळजी घ्या. फेंटानिलचा पॅच तीन दिवस त्वचेवर राहिल्यावर काढतात, तेव्हा तो ‘वापरलेला’ वाटतो. प्रत्यक्षात त्यात मूळ औषधाचा मोठा भाग, कधी निम्म्याहून जास्त, शिल्लक असतो. केरातून किंवा गादीवरून असा पॅच मुलाच्या अंगाला चिकटून किंवा तोंडात जाऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. पॅच काढल्याबरोबर चिकट बाजू आत येईल असा मधोमध दुमडायचा, दाबून चिकटवायचा, लगेच फ्लश करायचा आणि हात साध्या पाण्याने धुवायचे. साबण नको, कारण साबणाने त्वचेतून औषध जास्त शोषलं जाऊ शकतं.

दीर्घ आजारानंतर घरातलं माणूस गेलं, की मागे अशा औषधांचा मोठा साठा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घर भरलेलं असतं आणि कुणाचंच लक्ष नसतं. निदान वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांची मोजदाद पहिल्याच दिवशी एका माणसाने करावी आणि विल्हेवाट लागेपर्यंत ती कुलपात ठेवावीत. बाकीच्या ढिगाला हात लावायला महिना लागला तरी बिघडत नाही.

पाण्याचा प्रश्न नेमका किती मोठा

बाकीची औषधं फ्लश का करायची नाहीत? सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प मैला आणि जंतू काढण्यासाठी बांधलेले असतात, औषधं काढण्यासाठी नाही. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन त्यातून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. घराला सेप्टिक टँक असेल तर ओतलेलं प्रतिजैविक त्यातल्या कामाच्या जिवाणूंनाच मारतं.

अगदी थोड्या औषधाने काय होतं, हे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखलेल्या तळ्यांपैकी एकात दिसलं. २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यात गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल एस्ट्राडायोल मिसळलं, लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम इतकंच. फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांत, एरवी माद्यांत बनणारं अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि त्या तळ्यातली ही जात संपायच्या बेताला आली. हिशेब करून बघा. एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम औषध असेल, तर ती ६,००० लिटर पाणी लिटरला ५ नॅनोग्रॅमच्या पातळीला नेऊ शकते.

आता दुसरी बाजू. नद्यांत सापडणाऱ्या औषधांचा मोठा भाग आपण फेकलेल्या गोळ्यांचा नसतो. घेतलेलं औषध लघवीतून बाहेर पडतं, त्यातून तो येतो. ते थांबवणं कुणाच्या हातात नाही. फेकलेला वाटा लहान असला तरी पूर्ण ताकदीचा असतो आणि तो टाळता येतो. इतकंच म्हणणं रास्त आहे, याहून मोठा बाऊ करायची गरज नाही.

ज्या वस्तूंना वेगळी वाट लागते

सुया आणि लॅन्सेट (रक्त तपासायला बोटाला टोचायची छोटी सुई) कधीही सुट्या टाकू नयेत, पातळ पिशवीत तर नाहीच. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लॅस्टिकची बाटली चांगली. तीन-चतुर्थांश भरली की टोपण लावून वरून चिकटपट्टी फिरवा आणि ‘सुया आहेत, उघडू नये’ असं लिहा. काठोकाठ भरलेल्या बाटलीत शेवटची सुई ढकलतानाच बोटाला टोचते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचा प्रयत्न करू नका, टोचण्याचा नेहमीचा प्रसंग तोच असतो. ही बाटली पुनर्वापराच्या कचऱ्यात टाकायची नाही. रुग्णालय किंवा जैववैद्यकीय कचरा घेणारी व्यवस्था असेल तिथेच द्या.

दाबाचा इनहेलर ‘०’ दाखवत असला तरी आत वायू असतो. तापला किंवा भोक पडलं तर तो फुटतो. त्यातला एचएफए-१३४ए हा वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस आहे, म्हणून ‘रिकामा करू या’ म्हणत हवेत फवारे मारणंही चूक. कोरड्या पावडरच्या इनहेलरमध्ये वायू नसतो, त्याची ही अडचण नाही.

कर्करोगाची किंवा संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटसारखी गोळी हातमोजे घालून हाताळा, स्वतंत्र पिशवीत ठेवा आणि जिथून मिळाली त्या रुग्णालयाला परत द्या. इतर औषधांच्या मिश्रणात ती घालू नका.

पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार असे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात २०२० नंतर बंद करायचं ठरलं, पण जुने खणात असतातच. फुटला तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होऊन पसरतात. खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब एकत्र ढकला, उरलेले चिकटपट्टीने टिपा आणि सगळं काचेच्या बरणीत घट्ट बंद करून घातक कचऱ्यात द्या.

डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटरमधले नाण्यासारखे सेल विसरू नका. मुलाने गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतो. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात टाका.

जाळू नका, आणि दानाचंही जरा बघून

अंगणात शेकोटी करून औषधं जाळणं हा सगळ्यांत वाईट उपाय. बऱ्याच स्ट्रिपचं पारदर्शक प्लॅस्टिक पीव्हीसी असतं. ते कमी तापमानात जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात. थोडीफार औषधं जाळायची तरी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन किमान ८५० अंश सेल्सियसची, दोन कप्प्यांची भट्टी सांगतं. शेकोटी त्याच्या आसपासही जात नाही.

दान करताना हेतू चांगला असतो, पण रुग्णाच्या घरी राहिलेलं औषध कोणत्या तापमानात होतं हे घेणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे रुग्णांकडून परत आलेली औषधं दानात नकोत, आणि जे द्याल त्याची निदान वर्षभराची मुदत बाकी असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बॉस्निया आणि हर्झगोविनात १९९२ ते १९९६ या काळात, युद्धात आणि त्यानंतर, मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली. युद्धातून उठणाऱ्या देशावर ती नष्ट करायचा खर्च पडला तो वेगळाच.

टेबल आवरण्यापूर्वी

ठेवलेल्या प्रत्येक ड्रॉप्सच्या आणि सिरपच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख मार्करने लिहा. लक्षात नसेल तर ती बाटली बादच्या ढिगात गेली. डबा बाथरूममध्ये किंवा शेगडीच्या वरच्या कपाटात परत ठेवू नका, वाफ आणि उष्णता हीच औषधाची शत्रू. कोरडी, थंड आणि मुलांच्या हाताला न लागणारी जागा हवी, जमलं तर कुलपाची.

मग अंथरलेला कागद चारही कोपरे उचलून गुंडाळा, खुर्च्या सरकवा आणि जमिनीवर बॅटरी आडवी धरून बघा. सांडलेली गोळी उभ्या माणसाला दिसत नाही, रांगणाऱ्या मुलाला पहिली दिसते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळी लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत पाडू शकते. लोहाच्या रंगीत, गोड आवरणाच्या गोळ्या मुलांना खाऊ वाटतात, आणि प्रत्येकी ६० मिलिग्रॅम लोह असलेल्या दहा गोळ्या दहा किलोच्या मुलाला जीवघेण्या ठरू शकतात. टेबलावर सांधेदुखीचं तेल सांडलं असेल तर तेही नीट पुसा. अशा तेलांत घालतात त्या विंटरग्रीनच्या शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ॲस्पिरिनच्या जातीचं सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांइतकं भरतं. पुसलेलं फडकंही त्याच बांधलेल्या पिशवीत टाका आणि मगच मुलांना खोलीत येऊ द्या.